रात्री एकची मॅच: अ‍ॅन आर्बर सोडून सतरा वर्षं झाली, टीम काही सुटत नाही

निशाचर_निळा
३ नोव्हेंबर २०२४, पहाटे ४:५०

काल पाडवा झाला. फराळ, ओवाळणी, सासरची मंडळी, सगळं रीतसर पार पडलं आणि अकराला घर झोपलं. मी दोन तास डुलक्या काढल्या, बरोबर एकला हॉलमध्ये आलो, टीव्हीचा आवाज शून्यावर केला आणि बसलो. मिशिगन विरुद्ध ओरेगन. ओरेगन देशात पहिल्या क्रमांकावर, आम्ही आठांत तीन आधीच हरलेले. निकाल काय लागणार हे शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. ३८-१७. आता पाच वाजत आलेत, नऊला बहिणीकडे भाऊबीजेला निघायचंय आणि मी इथे टंकत बसलोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनची कॉलेज फुटबॉल टीम. गाव अ‍ॅन आर्बर. मी तिथे २००५ ते २००७ एमएस केलं. स्टेडियमला 'बिग हाउस' म्हणतात, १९२७ सालचं, बसायची सोय १,०७,६०१ माणसांची. तो शेवटचा 'एक' मुद्दाम आहे. फ्रिट्झ क्रिसलर नावाच्या जुन्या कोचच्या मानाची ती खुर्ची, आणि ती नेमकी कुठली हे कुणालाच ठाऊक नाही. स्टेडियमचा बराचसा भाग जमिनीत खणलेला, त्यामुळे रस्त्यावरून बघितलं तर 'एवढंच?' असं वाटतं. आत गेलं की खाली विहिरीसारखं उघडतं आणि लाखभर माणसं पिवळ्या-निळ्यात. पहिल्यांदा गेलो तेव्हा खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. शेजारचा सिनियर जेव्हा ओरडला तेव्हा ओरडलो, बसला तेव्हा बसलो. तो बसलाच नाही खरं तर. विद्यार्थ्यांच्या भागात कुणी बसत नाही.

मी हूवर अ‍ॅव्हेन्यूजवळ राहायचो, स्टेडियमपासून चालत दहा मिनिटं. मॅचच्या दिवशी घरमालक अंगणातल्या गवतावर गाड्या लावून घ्यायचा आणि पैसे खिशात घालायचा. आम्हा चौघांना त्यातला छदामही मिळाला नाही, उलट सायकली कुठे ठेवायच्या हा प्रश्न. तर मॅचच्या आधी टीव्हीवर आकाशातून स्टेडियम दाखवतात ना, त्यात दोन सेकंद ते घर येतं. तपकिरी छप्पर. मी सतरा वर्षं ते छप्पर शोधतोय. काल दिसलं.

२००७ च्या ऑगस्टमध्ये पुण्याला परत आलो आणि इथून 'बघितलेला' पहिला सामना १ सप्टेंबरचा. अ‍ॅपलाचियन स्टेट नावाची खालच्या गटातली टीम, आम्ही देशात पाचवे. तो सामना दाखवणारं चॅनेल अमेरिकेतच दोन दिवसांपूर्वी सुरू झालेलं, तिथल्याही कितीकांच्या घरी दिसत नव्हतं, तर मला कुठून दिसणार? स्कोअरचं पान रिफ्रेश करत बसलो. साडेनऊला सुरू झालेला सामना साडेबाराच्या पुढे गेला आणि पान म्हणालं ३२-३४. मला वाटलं आकडे उलटे पडलेत. पुन्हा रिफ्रेश. शेवटच्या क्षणी आमची किक अडवली होती. अंतरावरून टीम पाळायची माझी सुरुवात ही अशी.

वडील पंचाहत्तरीचे. मागच्या हंगामापासून त्यांना झोप कमी लागते म्हणून कधी कधी माझ्यासोबत बसतात. काल दुसऱ्या क्वार्टरला म्हणाले, "तो गेल्या वर्षीचा ठेंगणा पळणारा कुठे गेला?" म्हटलं, बाबा, ब्लेक कोरम, तो व्यावसायिक लीगमध्ये गेला. "आणि तो कोच, डोळे वटारणारा?" हार्बॉ, तोही गेला, जानेवारीत जिंकल्या जिंकल्या. मग थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "पोरं दर चार वर्षांनी बदलतात. मास्तर बदलला. तू तिथे राहत नाहीस. मग तू नक्की कुणाच्या बाजूचा?"

मला उत्तर देता आलं नाही. इथे असं कुणी आहे का? कुठल्याही कॉलेजचं चालेल. (एक सोडून. ते कुठलं, हे ज्यांना कळायचं त्यांना कळेल.)

अनुस्वार
३ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

मस्त लिहिलंय. बाळबोध प्रश्न: हा हातात चेंडू घेऊन पळतात तोच ना? मग फुटबॉल का म्हणतात? आणि कॉलेजच्या पोरांची मॅच बघायला लाख माणसं? आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला प्राचार्यसुद्धा अर्ध्यात उठून जायचे.

बॉयलरवाली
३ नोव्हेंबर, सकाळी ११:४०

अनुस्वार, चार संधींत दहा यार्ड पुढे जायचं. जमलं तर पुन्हा चार संधी, नाही जमलं तर चेंडू समोरच्याला. शेवटच्या रेषेपलीकडे नेला की टचडाउन. बाकी सगळी आरास. कबड्डी आणि बुद्धिबळ एकत्र कालवलं की हे होतं. पाय लावणारा माणूस वेगळा असतो. तो तासन् तास बाकावर बसतो, दोन मिनिटं आत येतो, आणि हरलो की शिव्या त्यालाच.

निशाचर, पाच जिंकून चार हरलात म्हणून रडताय? मी पर्ड्यू विद्यापीठाची. नाशिकला असते. आम्ही या वर्षी आठांत एक जिंकलोय, तोही पहिलाच, खालच्या गटातल्या इंडियाना स्टेटविरुद्ध ४९-०. त्या दिवशी मी घरी शिरा केला होता. तेव्हापासून साखर हातात घेतलेली नाही.

पण मला विचाराल तर माझं सगळं वसूल २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये झालंय. टायलर ट्रेंट नावाचा आमचाच विद्यार्थी, हाडांचा कॅन्सर, शेवटची अवस्था. तो म्हणाला होता पर्ड्यू ओहायो स्टेटला हरवणार. ओहायो स्टेट तेव्हा दुसऱ्या क्रमांकावर, एकही न हरलेली. रात्रीचा सामना, म्हणजे आपल्याकडे रविवारी पहाटे पाच. तो पोरगा व्हीलचेअरवर स्टेडियमात आलेला. मी गॅसवर चहा ठेवून विसरले, भांडं जळलं. ४९-२०. १ जानेवारी २०१९ ला तो गेला. मी पर्ड्यूहून २०११ लाच परतलेली, त्याला कधी बघायचा प्रश्नच नव्हता. तरी दोन दिवस घरात कुणाशी धड बोलले नाही. नवऱ्याला वाटलं त्याचंच काहीतरी चुकलं.

कोलंबसचा_काका
३ नोव्हेंबर, दुपारी १:०५

'एक सोडून' म्हणे. आलोच.

ओहायो स्टेट विद्यापीठ, गाव कोलंबस, २००४ ते २००६. सध्या मुक्काम औंध, पुणे. बॉयलरवाली, ४९-२० आम्हीही विसरलेलो नाही, आठवण करून दिल्याबद्दल आभार नाहीत. निशाचर, तुमच्या विद्यापीठाच्या नावाचं पहिलं अक्षर आमच्याकडे तुमच्याशी सामना असतो त्या आठवड्यात लिहीत नाहीत. कॅम्पसभर पाट्यांवरच्या त्या अक्षरावर लाल पट्ट्या मारून ठेवतात. मी आजही नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बायकोला वाणसामानाच्या यादीत मीठ आणि मिरची लिहू देत नाही. ती 'खारट' आणि 'तिखट' लिहिते.

आणि हो, गेल्या वर्षीच्या विजेतेपदाबद्दल अभिनंदन. समोरच्याच्या खुणा चोरून वाचल्याबद्दल चौकशी चालली होती ना? तुमच्या कोचला बिग टेननं, म्हणजे आपल्या दोघांच्या लीगनं, शेवटचे तीन साखळी सामने मैदानाबाहेर बसवलं होतं. सहज आठवलं.

निशाचर_निळा
३ नोव्हेंबर, रात्री १०:२०

बहिणीकडून आत्ता आलो. काका, खुणांबद्दल बोललात तर ऐकून घ्यायला हवं, ते प्रकरण मला आजही खुपतं. पण त्या तीन सामन्यांतला तिसरा तुमच्याशीच होता. कोच घरी, आणि स्कोअर ३०-२४.

सलग तीन वर्षं तुम्हाला हरवलंय हं. २०२१ चा मी जन्मभर विसरणार नाही. २०११ नंतर एकदाही जिंकलो नव्हतो. बर्फ भुरभुरत होता, हसन हास्किन्सनं पाच टचडाउन केले, ४२-२७. इकडे रात्रीचे दोन वाजून गेलेले, ओरडता येईना, म्हणून मी बाथरूममध्ये जाऊन टॉवेल तोंडात धरला.

कोलंबसचा_काका
३ नोव्हेंबर, रात्री १०:३१

२००६ ला कुठे होता?

निशाचर_निळा
३ नोव्हेंबर, रात्री १०:४४

तुम्ही विचारणारच होता. १८ नोव्हेंबर. पहिला विरुद्ध दुसरा क्रमांक. अ‍ॅन आर्बरमध्येच, मित्राच्या खोलीत, सोळा जण आणि एक टीव्ही. आदल्याच दिवशी बो शेंबेक्लर गेले होते. १९६९ पासून एकवीस हंगाम आमचे कोच, त्यांतली दहा वर्षं तुमचे कोच वुडी हेज यांच्याशी झुंज. गावात सगळे असे वागत होते जणू घरातलं म्हातारं माणूस गेलंय. मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं, पण संध्याकाळी भात टाकला आणि कुणीच जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी ३९-४२.

कोलंबसचा_काका
३ नोव्हेंबर, रात्री ११:०२

मी स्टेडियमच्या बाहेर लेन अ‍ॅव्हेन्यूवर होतो. तिकीट परवडणारं नव्हतं. आतला आवाज आधी यायचा आणि रस्त्यावरच्या टीव्हीवर टचडाउन नंतर दिसायचा. बो शेंबेक्लरांसाठी आत शांतता पाळली, तेव्हा बाहेर रस्त्यावरही बरेच गप्प उभे राहिले. आमच्या कट्टर शत्रूचा कोच. तेव्हा मला कळलं की हे निव्वळ शिव्या देणं नाही.

(आणि मला काका म्हणू नका. नाव पुतण्यानं घेऊन दिलंय. मी ४४ चा आहे.)

शंकासुर
४ नोव्हेंबर, सकाळी १०:५०

रसभंग करतो. हा फुटबॉल नाही, ही तुमच्या विद्यार्थी व्हिसाची आठवण आहे. चोविसाव्या वर्षी सुचलेलं सगळंच गोड लागतं. मॅगी खाऊन राहिलात तेही गोड लागत असणार. शिवाय आता ती 'कॉलेजची पोरं' कुठे राहिलीत? २०२१ पासून त्यांना जाहिरातींचे पैसे घेता येतात, दर हंगामात ही शाळा सोड ती पकड चालतं. डोक्याला बसणाऱ्या मारांबद्दल तर बोलायलाच नको. तुम्ही भावना गुंतवताय एका धंद्यात.

बारावा_गडी
४ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

शंकासुर, माझ्याकडे तर तीही आठवण नाही. मी अमेरिकेत पाऊल ठेवलेलं नाही. ठाण्यात जन्मलो, ठाण्यातच आहे. मोठी बहीण टेक्सस ए अँड एमला होती. २०१० साली तिनं एक मरून रंगाचा टीशर्ट पाठवला, पाठीवर मोठा १२. हा काय प्रकार म्हणून वाचायला बसलो आणि अडकलो.

गोष्ट अशी: २ जानेवारी १९२२, डॅलस. आमचे खेळाडू एकामागून एक जखमी व्हायला लागले, राखीव कुणी उरेना. प्रेक्षकांत किंग गिल नावाचा विद्यार्थी बसला होता. कोचनं त्याला खाली बोलावलं. त्यानं जखमी खेळाडूचा गणवेश चढवला आणि सामना संपेपर्यंत मैदानाच्या कडेला उभा राहिला. त्याला आत पाठवायची वेळच आली नाही. एवढीच गोष्ट. तो खेळला नाही, फक्त तयार उभा राहिला. म्हणून आजही तिथले विद्यार्थी अख्खा सामना उभ्यानं बघतात.

मीही उभ्यानं बघतो. टू बीएचकेमध्ये, सोफा रिकामा ठेवून. २०१८ ला एलएसयूविरुद्ध (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) सात ओव्हरटाइम झाले. आपल्याकडे रविवारी सकाळी सहाला सुरू झालं, जवळजवळ पाच तास चाललं. मी मटण आणायला जायचा होतो. बायको दर वीस मिनिटांनी येऊन विचारायची, "संपलं?" ७४-७२ ने जिंकलो तेव्हा अकरा वाजायला आले होते. खाली उतरलो तर खाटकाकडे फक्त खिमा उरलेला. पुढच्या वर्षी कॉलेज फुटबॉलवाल्यांनी ओव्हरटाइमचे नियम बदलले. बायको म्हणते त्यात तिचे आशीर्वाद आहेत.

तांबडा_पांढरा
४ नोव्हेंबर, दुपारी ३:१५

कोल्हापूरकर हजर. तुमचा तो लंबगोल चेंडू आपल्याला काय कळत नाही. पण निशाचर, तुमच्या वडिलांचा प्रश्न आमच्याकडं रोज सोडवतात की.

आमच्या शाहू स्टेडियमला गोल चेंडूचा फुटबॉल बघायला या एकदा. पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असली की दुपारपासनं दुकानं अर्धी रिकामी. बाहेरगावचे, पार आफ्रिकेतलेबी खेळाडू येऊन खेळून गेलेत आमच्या तालमींकडनं. गेल्या साली पलीकडं होता तो औंदा आपल्याकडं असतोय. मागच्या वर्षी ज्याला शिव्या घातल्या त्यालाच खांद्यावर घेऊन नाचायचं. कोण विचारत नाही तू कुणाचा. जर्सी कुणाची घातलीस, बास.

माझा चुलता कामासाठी तीस वर्षं भोसरीला होता. मॅचच्या दिवशी एसटीनं यायचा, बघायचा, रात्रीच्या गाडीनं परत. घरी तोंडबी दाखवायचा नाही. आज्जी म्हणायची, "पोरगं गावात येऊन गेलं हे मला पानवाल्याकडनं कळतंय."

शंकासुर
४ नोव्हेंबर, दुपारी ४:००

तुमच्या चुलत्याची पेठ होती हो. जन्मली-वाढलेली. निशाचर तिथे दोन वर्षं भाडेकरू होते.

निशाचर_निळा
४ नोव्हेंबर, रात्री ११:५०

शंकासुर, हे बरोबर बसलं. दिवसभर डोक्यात तेच होतं.

भाडेकरू होतो, खरंय. पण मी पुण्यातही भाडेकरूच होतो पंधरा वर्षं, आणि त्याआधी वडिलांच्या बदल्यांमुळे जळगाव, परभणी, सांगली. मला 'माझी पेठ' असं म्हणायला एकही गाव नाही. गणपतीत लोक सांगतात ना, आमच्या मंडळाचं अमुकावं वर्ष? मला वर्गणी तेवढी मागतात. अ‍ॅन आर्बरला पहिल्या महिन्यात, नाव उच्चारता येत नाही म्हणून सगळे माझ्याशी जपून बोलायचे. आणि मग त्या शनिवारी, टचडाउन झाल्यावर एका अनोळखी दणकट गोऱ्या आजोबांनी मला उचललं. अक्षरशः उचललं, जमिनीवरून. खाली ठेवलं, पुन्हा खेळाकडे बघायला लागले. नाव-गाव काही विचारलं नाही.

मॅगीचं म्हणाल तर ती अजिबात गोड लागत नाही. ती दोन वर्षं वाईट होती. थिसिस रखडलेला, पैसे नाहीत, डिसेंबरात साडेपाचला अंधार. गोड फक्त वर्षाला सात शनिवार होते. सगळ्या आठवणी गोड असत्या तर मी लॅबचे व्हिडिओ बघत बसलो नसतो का?

धंद्याबद्दल भांडत नाही. डोक्याच्या माराबद्दलही नाही. कुणी खाली पडून उठत नाही तेव्हा मी आवाज शून्यावर असलेला टीव्हीसुद्धा बघू शकत नाही. तरी पुढच्या शनिवारी बसतो. ह्याचं समर्थन माझ्याकडे नाही.

कँटनकर
५ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

मी कँटन, मिशिगनला राहतो. अ‍ॅन आर्बरपासून वीस-पंचवीस मिनिटं. अकरा वर्षं झाली, स्टेडियममध्ये एकदाही गेलेलो नाही. थंडी, पार्किंग, तिकिटाचे दर. सामन्याच्या दिवशी त्या दिशेला किराणा आणायलाही जात नाही, एवढी कोंडी असते.

पण तुमचा धागा वाचून बायकोनं माझ्याकडे बघितलं. कारण विसर्जनाच्या दिवशी मंडईतून कसबा निघतो तेव्हा आमच्याकडे रात्रीचा एक वाजलेला असतो, आणि मी आवाज शून्यावर करून हॉलमध्ये बसलेला असतो. लक्ष्मी रोडवर एका इमारतीच्या गॅलरीत माझी आत्या उभी राहायची. इमारत पाडली. मी अजून ती गॅलरी जिथे होती तिथे बघतो.

अनुस्वार
५ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

😢 हे काय लिहिलंत सकाळी सकाळी.

बॉयलरवाली
१० नोव्हेंबर, सकाळी ७:००

ओहायो स्टेट ४५, पर्ड्यू ०. काका, शिरा तुम्हीच करा.

निशाचर_निळा
१० नोव्हेंबर, सकाळी ७:४०

इंडियाना २०, आम्ही १५. आता पाच-पाच. अमेरिकेत गेल्या रविवारी घड्याळं तासभर मागे गेली, त्यामुळे एकचा सामना आता दोनला सुरू होतो. हरायचं ते हरायचं, वर एक तास झोपेचा दंड.

कुणीतरी व्यनिमध्ये (खाजगी निरोपात) विचारलं, बघता कशावर? कधी रीतसर अ‍ॅप, कधी नाही. एका अ‍ॅपनं वर्षाचे पैसे घेऊन हंगाम सुरू झाल्यावर कळवलं की या प्रदेशात हा सामना उपलब्ध नाही. तेव्हा रेडिओ. खरं सांगू? रेडिओ चांगला. डोळे मिटून पडता येतं, आणि पिवळं-निळं आपलं आपण भरता येतं. १९३८ पासून आमच्या हेल्मेटवर पिवळ्या पंखांची नक्षी आहे, ती बघायची गरजच नाही.

कोलंबसचा_काका
२४ नोव्हेंबर, दुपारी १२:१०

तर मंडळी, ३० नोव्हेंबर. कोलंबस. आम्ही दुसऱ्या क्रमांकावर, हे सहा-पाच. सट्टेवाले आम्हाला वीसेक गुणांनी पुढे धरताहेत. आणि हा सामना तिथे दुपारी बाराला आहे, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा. माणसासारख्या वेळेला. निशाचर, औंधला या. चारचाकी लावायला जागा आहे, पैसे घेणार नाही. हरेल त्यानं रविवारी सकाळी सगळ्यांना मिसळ.

निशाचर_निळा
२४ नोव्हेंबर, दुपारी १२:४५

वडिलांना घेऊन येऊ का? काल दिवसभर निवडणुकीचे निकाल बघितले आणि तरीही रात्री दोनला उठून नॉर्थवेस्टर्नचा सामना बघायला बसले. ५०-६. म्हणाले, "हे मताधिक्य बरं आहे."

कोलंबसचा_काका
२४ नोव्हेंबर, दुपारी १२:४७

आणा. त्यांना खुर्ची खिडकीजवळची. ती कुठली, हे कुणाला सांगणार नाही.

निशाचर_निळा
१ डिसेंबर, पहाटे ३:१०

१३-१०.

घरी पोचलो. हात अजून थरथरताहेत म्हणून टायपिंगच्या चुका पोटात घाला.

कॅमेरा सुरुवातीला आकाशातून स्टेडियमवर आला. मला तिथे शोधायला काही नव्हतं, माझं छप्पर तीन तासांच्या रस्त्यावर. पण काकांनी बोलता बोलता अचानक हात वर केला, सगळ्यांना गप्प केलं आणि टीव्हीजवळ जाऊन बोट ठेवलं. "हा लेन अ‍ॅव्हेन्यू. इथे." तोवर चित्र बदललं होतं. मी काही बोललो नाही. वहिनी म्हणाल्या, "दर वेळेला."

खेळ म्हणाल तर रद्दी होता. आमच्या क्वार्टरबॅकनं, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यानं, जेमतेम साठेक यार्ड फेकले असतील. डेव्हिस वॉरन, शाळेत असताना रक्ताच्या कॅन्सरमधून उठलेला, शिष्यवृत्तीशिवाय टीममध्ये आलेला पोरगा. आमचे दोन सगळ्यांत चांगले खेळाडू जखमी, बाहेर. मध्यंतराला १०-१०, आणि त्यानंतर नुसती रस्सीखेच. बाबा तिसऱ्या क्वार्टरला घोरायला लागले. काकांच्या टीमच्या किकरनं दोन सोप्या किक घालवल्या. बॉयलरवाली, तुम्ही म्हणाला होता तेच, काका त्याला जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. मग आमचा केलेल मलिंग्ज थर्ड डाउनला, म्हणजे चारांतल्या तिसऱ्या संधीला, अंगावर माणसं घेऊन २७ यार्ड पळाला. पंचेचाळीस सेकंद उरलेले असताना आमच्या किकरनं, झ्वाडानं, २१ यार्डांवरून किक मारली. मी ओरडलो. इथे ओरडता येत होतं. सतरा वर्षांत पहिल्यांदा आवाज केला. बाबा दचकून उठले, आणि कुणी काय सांगायच्या आत विचारलं, "तेरा? एवढा वेळ काय करत होते मग?"

नंतर मैदानावर झेंडा रोवण्यावरून मारामारी झाली, पोलिसांनी मिरचीचा फवारा मारला. ते मात्र बाबांनी टक लावून बघितलं. जाताना काकांनी त्यांना जिन्यापर्यंत हात दिला. म्हणाले, "तुमच्या मुलाला सांगा, हे त्याला फार काळ पुरणार नाही." बाबा म्हणाले, "त्याला काहीही पुरतं."

बॉयलरवाली
१ डिसेंबर, सकाळी ९:२०

अभिनंदन निशाचर. आम्ही इंडियानाकडून ६६-०. बरोबर वाचलंत, सहासष्ट. पहाटे साडेपाचला उठून बघितलं, शेवटपर्यंत. सगळा हंगाम त्या एका शिऱ्यावर काढला. नवरा विचारतोय उठवायला कुणी सांगितलं होतं.

बारावा_गडी
१ डिसेंबर, सकाळी ९:५०

टेक्सस १७, आम्ही ७. २०११ नंतर पहिल्यांदा हा सामना झाला, आमच्याच मैदानावर, तेरा वर्षं वाट बघून. आत्ताच बसलो. पाय दुखताहेत.

तांबडा_पांढरा
१ डिसेंबर, सकाळी १०:३०

मिसळ कोण देतंय ते सांगा. कोल्हापूरची मिळणार नसंल तर येत नाही.

कोलंबसचा_काका
१ डिसेंबर, सकाळी ११:१५

दिली. सात प्लेट. निशाचरच्या वडिलांनी जादा तर्री मागितली आणि बिलाकडे बघून 'तेरा रुपये टिप ठेवा' म्हणाले. चौथं वर्ष सलग. मी दोन दिवस इथे फिरकणार नाही.

कोलंबसचा_काका
२१ जानेवारी २०२५, सकाळी ९:५५

ओहायो स्टेट ३४, नोत्र दाम २३. राष्ट्रीय विजेते. बारा टीमची पहिलीच प्लेऑफ, म्हणजे विजेता ठरवणारी बाद फेरी, आणि ती आमची. सकाळी सहापासून एकटाच बघत होतो, कुणालाही बोलावलं नाही, अपशकून नको. ऑफिसला बरं नाही म्हणून कळवलंय. आहेत का निशाचर?

निशाचर_निळा
२१ जानेवारी, सकाळी १०:१५

आहे. मीही सहापासून बघत होतो. मनापासून अभिनंदन. खरंच छान खेळलात.

आता रेकॉर्डसाठी एवढंच लिहून ठेवतो, की या राष्ट्रीय विजेत्यांना त्यांच्या घरच्या मैदानावर यंदा एकाच टीमनं हरवलंय.

कोलंबसचा_काका
२१ जानेवारी, सकाळी १०:१६

मला माहीत होतं. हे वाक्य तुम्ही डिसेंबरपासून लिहून ठेवलं असणार.

निशाचर_निळा
२१ जानेवारी, सकाळी १०:२४

१ डिसेंबर, पहाटे सव्वातीन.

बाबा विचारताहेत पुढची मॅच कधी. ऑगस्टअखेर म्हटलं, म्हणजे गणपतीत. ते म्हणाले, "औंधच्या माणसाला आरतीला बोलाव, मग थांबेल रात्री." काका, मोदक चालतात ना? की त्यातही पहिलं अक्षर आडवं येतं?